राहेलनं झाकलेल्या अपराधाची कहाणी

ऐका येशूराया, तुमची कहाणी. नदीच्या अल्याड एक आटपाट गाव होतं. तिथं योनाथान सुतार राहत असे. त्याची बायको राहेल. त्यांना दोन मुली, थोरली शलोमी, धाकटी तबिथा. घरात योनाथानाची विधवा भावजय होती, तिचं नाव मिल्का. पोरी तिला मोठी आई म्हणत, तिच्याच कुशीत निजत.

आषाढात काय झालं? तबिथाला ताप भरला. मिल्का म्हणाली, “राहेल, पोरीचं अंग विस्तव झालंय. पलीकडच्या दवाखान्यात ने.” राहेल म्हणाली, “साधा ताप आहे. लावणी उरकू दे.” दुसऱ्या दिवशी मिल्कानं पुन्हा सांगितलं. राहेल म्हणाली, “जाऊबाई, पोर माझं आहे, मला कळतं.” तिसऱ्या दिवशी मिल्का बोललीच नाही. पोर खांद्यावर घेतलं, भर पावसात निघाली. पोर वाटेतच गेलं.

मग राहेलनं ऊर बडवला. चार माणसांत म्हणाली, “हिनं पावसात नेलं, हिनंच मारलं!” योनाथानाला ते खरं वाटलं. त्यानं भावजयीला घराबाहेर काढलं. मिल्का उलटून बोलली नाही. नदीपल्याड खोपटात राहिली, टोपल्या विणू लागली.

पुढं नाताळ आला. घरोघर शास्त्र वाचणाऱ्या सुवार्ताबाई आल्या. म्हणाल्या, “बायांनो, वर्ष सरलं. वसा घ्या.” “वशाला काय करावं?” “शेवटच्या दिवशी निरंकार राहावं. घर सारवावं. ज्याचा अपराध केला त्याच्या दारी दिवस मावळायच्या आत जावं, आपल्या तोंडानं सांगावं. त्याला घरी आणावं, जेवू घालावं. मग नव्या वर्षी देवळात प्रभूच्या मेजाशी, भाकरी-द्राक्षरसाच्या प्रसादाला जावं.” राहेलनं विचारलं, “आणि न सांगता मेजाशी गेलं तर?” बाईंनी तिच्याकडं पाहिलं. डोईवरचा पदर सावरला आणि पुढच्या घरी गेल्या.

राहेलनं वसा घेतला, पण अर्धाच घेतला, मिल्काच्या दारी जायचं तेवढं सोडलं. शेवटचा दिवस उजाडला. योनाथान परगावी कामाला गेला होता. राहेलनं घर सारवलं, तोंडात पाणी घेतलं नाही, आणि प्रार्थनेला बसली. “आमचे अपराध क्षमा कर” या ओळीशी आली, थांबली. पहिल्यापासून म्हणू लागली, तिथंच अडली. तिसऱ्यांदा म्हणू गेली, आवाजच फुटेना. इतक्यात आतून शलोमी म्हणाली, “आई, मला थंडी वाजते गं.”

राहेलनं कपाळाला हात लावला. तीच आच! “देवा, ही पण नेतोस का?” तशीच उठली, पोर उचललं, दवाखान्याची वाट धरली. वाट मिल्काच्या दारावरून जात होती. राहेल भ्याली. पदर ओढून जावं म्हणाली, पाऊल उचलेना. लांबच्या वाटेनं जावं म्हणाली, पोर कण्हू लागलं. तेवढ्यात मिल्का दारात आली. तशी राहेल पोरासकट तिच्या पायाशी बसली.

“जाऊबाई, तबिथाला तुम्ही नाही मारलं. तुम्ही दोनदा सांगितलंत, मी ऐकलं नाही. उशीर मी केला आणि बोल तुमच्यावर ठेवला.”

मिल्का म्हणाली, “आज सांगतेस? हे पोर वाचावं म्हणून?”

“हो. भ्याले म्हणून. खोटं आता बोलवत नाही.”

मिल्कानं पोरीच्या कपाळाला हात लावला. मग म्हणाली, “मला अजून क्षमा करवत नाही. पोर इकडं दे.”

दोघी धावत गेल्या. डॉक्टरीणबाईंनी सुई टोचली, म्हणाल्या, “आजची रात्र जाऊ दे, मग सांगते.” दिवस मावळायला टेकला. योनाथान गावी परतला, शेजाऱ्यांकडून ऐकून घाबरा होऊन दवाखान्यात आला. राहेलनं पायरीवरच त्याला सगळं सांगितलं. तो तिच्याकडं बघेना. म्हणाला, “सहा महिने मी वहिनीच्या दारावरून तोंड फिरवून गेलो.” राहेलला वाटलं, आता हा मला हाकलणार.

मिल्का म्हणाली, “भाऊजी, मी भोगलं तेवढं पुरे. आणखी एकीला घराबाहेर काढू नका.”

रात्र सरली. नव्या वर्षाची घंटा झाली. पोरीला घाम फुटला, ताप उतरला. योनाथान भावजयीच्या पाया पडला, तिला घरी घेऊन आला. राहेलनं पान वाढलं. मिल्का पानावर बसली, पण घास उचलेना. मग मिल्कानं भाकरी मोडली आणि पहिला घास राहेलच्या तोंडाशी नेला. “खा. कालपासून उपाशी आहेस.”

राहेलला रडू कोसळलं. मग दोघी एका पानात जेवल्या, आणि देवळात प्रभूच्या मेजाशी एकमेकींशेजारी उभ्या राहिल्या.

येशूराया, तिचं भय जसं फेडलंत, तसं आम्हां ऐकणाऱ्यांचं फेडा. साठ बोलांची कहाणी पाच बोलांत सांगितली, ती फळाला येवो. आमेन.