चौघांची पालखी

"एका फिर्यादीत एकच नाव!" राजा उदयसेनानं बजावलं. "आत्ताच्या आत्ता सांग, नाहीतर फिर्याद रद्द."

ठकू भोईण दरबारात उभी होती आणि तिच्यासमोर चार जण. राज्यात अफूला बंदी असताना या चौघांनी मिळून अफूचा अड्डा थाटला होता. तिथल्या नादानं तिचा नवरा सुभान पार कामातून गेला. राजाची पालखी उचलणारा तो तगडा भोई आता भाकरीचा तुकडा उचलतानाही थरथरायचा. ठकूचं मागणं साधं होतं. त्याचं औषधपाणी आणि तो बरा होईपर्यंत घरचं धान्य या लोकांनी द्यावं.

पण चौघेही महाबिलंदर. शेतकरी म्हणाला, मी नुसती बोंडं पिकवली. गाडीवान म्हणाला, मी नुसते बैल हाकले. घरमालकानं फक्त खोली दिली होती. आत कोण काय करतं ते बघायला तो काही भिंतीवरची पाल नव्हता. विकणारा तर सगळ्यांत साळसूद. त्यानं अफू विकली खरी, पण कुणाच्या तोंडात कोंबली नव्हती! एकाचं नाव घ्यावं तर तो बाकीच्या तिघांकडे बोट दाखवून सुटणार. राजाला हे कळत होतं. पण कायदा त्याचा स्वतःचा, आणि शब्द मागे घेणं त्याच्या रक्तात नव्हतं.

ठकू रडायच्या बेतात होती. घरात जेमतेम दोन दिवसांचं पीठ उरलेलं. तरी पदर खोचून ती म्हणाली, "नाव सांगते, म्हाराज. आधी येवढं सांगा, आज तुमाला दरबारात कुणी आणलं?"

"भोयांनी."

"एकच नाव सांगा."

राजा अडखळला. पण हट्टी माणूस! समोरच्या भोयाकडे बोट दाखवून तो ठसक्यात म्हणाला, "या येसबानं."

"मग त्या एकट्यालाच न्हेऊ द्या की म्हालात."

येसबा हात जोडून सांगू लागला, की पुढच्या दांड्याला आम्ही दोघं भोई असतो, मागं आणखी दोघं. राजानं ऐकलं नाही. तो दरबारातच ठेवलेल्या पालखीत जाऊन बसला. येसबानं देवाचं नाव घेऊन दांड्याला खांदा दिला. पालखीचं तोंड वर झालं, मागची बाजू जमिनीलाच राहिली, आणि राजा लोडासकट घसरत थेट मागं उभ्या असलेल्या प्रधानाच्या पायाशी आला. सगळ्या दरबारानं हसू दाबण्यासाठी खाली माना घातल्या.

"लिहा चौघांची नावं, एकाच फिर्यादीत," राजा पगडी चाचपत म्हणाला. चौघांचे चेहरे उतरले. पण राजाला अजून एक शंका होतीच. "यातला एखादा पळाला, तर त्याचा वाटा कोण देणार?"

"म्हाराज, चढावर एक भोई खाली बसला, तर बाकीचे तुमाला तिथंच टाकून जात्यात व्हय? तिघं मिळून न्हेत्यातच की!"

राजा पोट धरून हसला. सुभानचं औषधपाणी आणि घरचं धान्य त्यानं चौघांच्या गळ्यात एकत्र बांधलं, अड्ड्याची खोली ठकूला बक्षीस दिली, आणि पालखीकडे एक नजर टाकून त्या दिवशी पायीच घरी गेला.