सातवं पाऊल

ही गोष्ट लग्नघरात सांगायची नाही असं मला बजावलं आहे, तरी सांगते.

एका गावी वामदेवशास्त्री नावाचे मोठे विद्वान होते. त्यांना सगळं ठाऊकच असल्यामुळे ते कोणाला काही विचारत नसत. त्यांनी गावातल्या येसू नावाच्या मुलीचं लग्न साठीच्या देशमुखांशी ठरवलं. येसू म्हणाली, "मला हे लग्न करायचं नाही."

शास्त्री मायेने हसले. "बाळ, दान देताना गाईला विचारतात का? कन्येची संमती शास्त्रात लागत नाही."

देशमुखांच्या धाकाने येसूच्या वडिलांनी मांडव घातला.

सप्तपदीसाठी तांदळाच्या सात राशी मांडल्या. येसू मुकाट्याने सहा राशींवर पाय ठेवत गेली आणि सातवीपाशी थांबली.

"चल पुढे," शास्त्री म्हणाले.

"शास्त्रीबुवा, सातवं पाऊल पडल्याशिवाय लग्न पुरं होत नाही ना?"

"नाही. तसं शास्त्रच आहे."

"मग मी ते टाकत नाही. माझ्या संमतीवाचून चालतं, तसं पावलावाचूनही चालवून घ्या."

शास्त्री लालबुंद झाले. "दत्तूमामा, उचला हिला आणि सातव्या राशीवरून न्या."

मामाने भाचीला उचललं. येसू शांतपणे म्हणाली, "न्या की. पण राशीवर पाऊल मामाचं पडेल. मग देशमुखांची बायको कोण होणार? मामाची संमती तर तुम्ही विचारणारच नाही."

मामाने देशमुखांच्या पांढऱ्या मिशांकडे एकदा नीट पाहिलं, भाचीला अलगद खाली ठेवलं आणि तो घाईने मांडवाबाहेर गेला.

शास्त्री पोथी चाळत राहिले. तिच्यात मामांविषयी काहीच लिहिलेलं नव्हतं. तेवढ्यात मुहूर्त टळला आणि देशमुखांनी उपरण्याची गाठ स्वतःच सोडली.