नाव की आकडा?

"मग सांगा ना... नाव ठेवायचं, की नुसता आकडा?"

सौमित्र टिपणीसने पुन्हा विचारलं.

समोरच्या साध्वी शाळेच्या ओट्यावरची जागा लोकरीच्या मऊ ओघ्याने हलकेच झाडत होत्या. एखादी मुंगी अंगाखाली यायला नको म्हणून. जागा झाडून झाली, मग त्या बसल्या आणि लाकडी पात्रं फडक्यात बांधायला लागल्या.

नगरहून संभाजीनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, इमामपूरच्या घाटाअलीकडच्या एका गावातली ही शाळा. रविवार, म्हणून मोकळी. तीन जैन साध्वींनी रात्रीपुरता तिथे मुक्काम केला होता. ऊन वर आलं की पुढच्या गावाला पायी निघायचं, एवढाच त्यांचा बेत.

सौमित्र अंधारातच पुण्याहून निघाला होता. गाडीने.

राजन्य मोटर्समध्ये गाड्यांची नावं ठरवणाऱ्या विभागाचा तो प्रमुख. राजन्यची गाडी घेणारा माणूस किंमत विचारत नाही, रंग विचारतो, असं बाजारात म्हणायचे. पुढच्या वर्षी कंपनीच्या तीन नव्या गाड्या येणार होत्या, तिन्ही विजेवरच्या. आणि वरच्या मंडळींनी ठरवत आणलं होतं की यापुढे नावं बंद. आर-चार, आर-सहा, आर-आठ. परदेशात नावाचा उच्चार अडतो, आकडा कुठे अडत नाही. शिवाय कुणाची गाडी मोठी, हे आकड्यावरून लगेच कळतं.

सौमित्रला हे मान्य नव्हतं. शेवटची बैठक सोमवारी होती. आपल्या वरिष्ठांना, दस्तूरसाहेबांना, तो छातीठोकपणे सांगून आला होता, "सोमवारी मी असं एक वाक्य आणतो की आकडेवाले तोंड उघडणार नाहीत."

ते वाक्य कुणाकडे मिळेल, याबद्दल त्याला शंका नव्हती.

समोर पात्रं बांधत बसलेल्या या साध्वी एके काळी शर्वरी कटारिया होत्या. पुण्यातल्या एका जाहिरात कंपनीत त्याच्या पहिल्या साहेब. नाव कसं शोधायचं ते त्यांनीच त्याला शिकवलं होतं. राजन्यची पहिली गाडी नावासाठी त्यांच्याकडे आली, काळी, धिप्पाड, रणगाड्यासारखी. शर्वरी मॅडमनी डोळे मिटून तिचं दार लावलं, त्याचा आवाज ऐकला आणि म्हणाल्या, "अलवार."

सगळी खोली हसली होती.

पुढे लोकांनी त्या नावापायी गाडी घेतली. कुणी कुणी तर मुलीचं नावही अलवार ठेवलं.

आणि मग, अगदी बहराच्या दिवसांत, मॅडमनी नोकरी सोडली आणि दीक्षा घेतली. सौमित्र तेव्हा गेला नाही. त्याला राग आला होता. कशाचा, ते त्याला आजही नीट सांगता आलं नसतं.

"मॅडम," तो म्हणाला.

त्या गाठ मारत होत्या.

"शर्वरी मॅडम..."

गाठ बसली. त्यांनी दुसरं फडकं घेतलं.

सौमित्रला वाटलं, मुद्दाम चाललंय. मी दीक्षेला आलो नाही, त्याचं उट्टं.

एवढ्यात आतल्या वर्गातून थकलेला, बारीक आवाज आला. "उपशमाजी..."

त्या तत्काळ उठल्या. आत गेल्या आणि वृद्ध गुरुणींना, महासती विनयप्रभाजींना, धरून बाहेर घेऊन आल्या. गुरुणींच्या हातात काठी होती आणि डावा पाय जरा ओढत होता. मागून तिसऱ्या, तरुण साध्वी सामान खांद्याला लावून आल्या.

"माझ्या हाकेला वळला नाहीत तुम्ही," सौमित्र म्हणाला.

"तुम्ही हाक मारलीत?"

"दोनदा."

उपशमाजींच्या तोंडावर पांढरी मुहपत्ती बांधलेली होती. त्या हसल्या की नाही, कळायला मार्ग नव्हता. डोळ्यांत मात्र खरंखुरं आश्चर्य होतं.

"मला वाटलं... आणखी कुणी आलंय."

सौमित्र म्हणजे नावांवर पोट भरणारा माणूस. नाव माणसाला किती घट्ट चिकटतं, यावर त्याने भाषणं दिली होती. आणि इथे एक नाव हवेत जाऊन कुणालाच न लागता खाली पडलं होतं.

बैठक क्षणभर त्याच्या डोक्यातून गेली. त्याला वेगळंच कुतूहल लागलं.

"जुनं नाव जायला किती दिवस लागले?"

"जाताना कळलं नाही."

"आणि नवं अंगी लागायला?"

"ते कुठे लागलंय अजून..." त्यांनी गुरुणींकडे पाहिलं. "या हाक मारतात. मी उठते."

त्याने पिशवीतून टॅबलेट काढला, तीन गाड्यांची चित्रं दाखवायला. उपशमाजी चटकन मागे सरकल्या.

"विजेच्या वस्तूला आम्ही शिवत नाही."

"नुसतं बघा."

"सौमित्रभाऊ... वाहन चांगलं, वाहन वाईट, यातलं काहीच आमच्या तोंडून जाऊ नये. तसं व्रत आहे."

पूर्वी त्या ऑफिसच्या एका टोकापासून "ए टिपणीस!" म्हणून ओरडायच्या. हे 'भाऊ' त्याला टोचलं.

"मग मी एवढ्या लांब कशाला आलो?"

"ते मला कसं ठाऊक असणार?"

त्या रागावल्या नव्हत्या. त्यांना खरोखरच ठाऊक नव्हतं.

"आम्ही निघतो," त्या म्हणाल्या. "यायचं तर चला. मात्र चालताना आम्ही बोलत नाही. काही सांगायचं असेल तर थांबून सांगते."

तो निघाला. हट्टानेच म्हणा.

रस्त्याला ऊन पसरलं होतं. उसाच्या जोडट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर चालले होते. त्यांना मागे टाकत कंटेनर, एसट्या आणि भरधाव मोटारी. तिन्ही साध्वी रस्त्याच्या कडेने, साडेतीन हात पुढच्या जमिनीवर नजर ठेवून, अनवाणी चालत होत्या. मागून सौमित्र. त्याच्यामागे, चालत्या माणसाच्या वेगाने, ड्रायव्हरने चालवलेली त्याची काळी राजन्य.

थोड्या वेळाने सौमित्रला शांतता सोसेना. मागून येणारी गाडी त्याला न बघता ओळखता यायची. ती विद्याही याच गुरूची.

"ही जर्मन," तो म्हणाला आणि जर्मन गाडी बाजूने सुसाटत गेली. "ही आपली जुनी अलवार... बघा." अलवार गेली. "ही विजेवरची. नुसते टायर वाजतायत, ऐका."

एकही अंदाज चुकला नाही.

उपशमाजी एका बाभळीपाशी थांबल्या.

"त्या अलवारमध्ये कोण होतं?"

"काचा काळ्या होत्या."

"हं."

त्या पुन्हा चालू लागल्या.

खिशातला फोन वाजला. दस्तूरसाहेब.

"काय म्हणाल्या तुझ्या मॅडम? नाव की आकडा?"

"साहेब..." सौमित्र धापा टाकत होता. "अजून चालतोय."

"चालतोयस? गाडी बंद पडली?"

"नाही. मागेच आहे."

पलीकडून फोन बंद झाला.

बुटाने टाच सोलवटली होती. टाचेबरोबर त्याचा धीरही सुटत चालला. तो झपाझप पुढे गेला आणि उपशमाजींच्या वाटेवर उभा राहिला.

"अलवार तुम्ही दिलंत. आता तिची विजेवरची नवी आवृत्ती येतेय, तिच्यावरून ते पुसून आर-आठ लिहिणार आहेत. तुम्हाला काहीच वाटत नाही?"

त्या थांबल्या.

"तुम्हाला वाटतं?"

"वाटतं! फार वाटतं."

"का?"

"कारण ते... तुमचं आहे."

त्या वाट बघत राहिल्या. सौमित्रने रस्त्याकडे पाहिलं, मग बुटांकडे.

"कारण त्या दिवशी त्या खोलीत मी होतो," तो सावकाश म्हणाला. "अजून सांगत असतो लोकांना. अलवार ठरलं तेव्हा मी तिथे होतो, म्हणून. ते नाव गेलं तर मी काय सांगणार..."

बोलून झाल्यावर तो स्वतःच चकित झाला. हे त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही.

"म्हणजे नाव तुमचं आहे," उपशमाजी म्हणाल्या. "गाडीचं नाही."

हे वाक्य सोमवारी चालेल का, असा विचार सवयीने त्याच्या मनात आला. चाललं नसतं. उलट आकडेवाल्यांनीच टाळ्या वाजवल्या असत्या. गंमत म्हणजे त्याला त्याचं फारसं दुःख झालं नाही.

"एक विनंती आहे," त्या म्हणाल्या. "मागे जे येतंय, ते पुढे जाऊ दे."

"ड्रायव्हर सावकाश चालवतोय. तुम्हाला काही धोका नाही."

"सावकाशच आहे. पण मागून चाकं वाजली की महासतीजींचा पाय थरथरतो."

सौमित्रने पाहिलं. विनयप्रभाजी काठीवर दोन्ही हात रोवून उभ्या होत्या. मान वळवली नव्हती, पण खांदे आवळून धरले होते. सकाळपासून त्या तशाच चालत असणार. त्याचं लक्ष गाड्यांकडे होतं.

त्याने हात केला. काळी राजन्य बाजूने निघून गेली आणि वळणाआड दिसेनाशी झाली. वृद्ध साध्वींचे खांदे सैल झाले.

"काय झालं होतं त्यांना?" त्याने विचारलं.

उपशमाजी चालायला लागल्या होत्या. उत्तर चालताना मिळणार नव्हतं. तो मुकाट्याने मागे निघाला आणि, आजच्या दिवसात प्रथमच, मागून येणाऱ्या गाड्या ओळखायच्या राहून गेल्या.

घाटातल्या एका वळणावर, कठड्यापाशी, त्या थांबल्या. दोघी साध्वी पुढे जाऊन सावलीला टेकल्या.

"मागच्या थंडीत. इथेच..." उपशमाजी म्हणाल्या. "उजाडलं होतं, पण धुकं दाट. मागून काहीतरी आलं आणि महासतीजी पडल्या. जे आलं ते निघून गेलं."

सौमित्र ऐकत होता.

"रक्त फार होतं. त्यांना हलवता येईना. मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन रस्त्यातच बसले. आमच्या धाकट्या साध्वी गावाकडे धावल्या. पाठीमागून गाड्या येत होत्या. दिवे मारायच्या, हॉर्न द्यायच्या, वळसा घालून जायच्या. धुक्यातून एक आली की मी डोळे मिटायचे... गेली की उघडायचे."

"मग?"

"मग एक थांबली. पुढे जाऊन नाही. आमच्या मागे, रस्त्यात आडवी. दिवे चालू ठेवून एक बाई खाली उतरल्या आणि ओढणी हलवत धुक्यात उभ्या राहिल्या. पाठीमागच्या एका ट्रकने त्यांच्या गाडीला ठोकलं. काचा फुटल्या. मी म्हटलं, बाई, आता तरी गाडी बाजूला घ्या. त्या म्हणाल्या, ही बाजूला घेतली तर पुढचा तुमच्यावर येईल."

विनयप्रभाजींनी सावलीतून इकडे पाहिलं. उपशमाजींनी मान हलवून त्यांना, आलेच, म्हणून खूण केली.

"गावातले लोक खाट घेऊन आले, तोवर त्या तिथेच होत्या. मग मला नमस्कार केला आणि चालत निघून गेल्या. गाडी सुरूच होत नव्हती."

कठड्यापाशी अजून काचेचे बारीक कण असतील, असं वाटून सौमित्र खाली बघायला लागला. धूळ होती, उसाची चिपाडं होती.

त्याला ती बाई डोळ्यांसमोर दिसायला लागली. ओढणी दिसली. तिच्यामागे धुक्यात पेटलेले दोन दिवे दिसले. त्या दिव्यांमागे काय होतं, ते मात्र दिसेना. विचारू नये असं त्याला वाटत होतं. ओठ त्याने घट्ट मिटूनही घेतले होते.

"कोणती..." तरी तो म्हणालाच. "कोणती गाडी होती ती?"

आता या चिडतील, असं त्याला वाटलं. त्या चिडल्या नाहीत. त्याने विचारलंय तर सांगायला हवं, अशा भावनेने त्या मनापासून आठवू लागल्या. डोळे मिटले. कपाळाला आठ्या पडल्या. एके काळी दाराच्या नुसत्या आवाजावरून गाडी ओळखणारी ही बाई.

एक उसाची ट्रॉली करकरत वळण घेऊन गेली.

उपशमाजींनी डोळे उघडले.

"थांबलेली."