अंगठा ओला होईपर्यंत

एकदा एका वृद्ध मिस्त्रीकडे त्याचा जुना शिष्य हताश होऊन आला. शिष्य म्हणजे आता चाळिशी ओलांडलेला, कारखान्यात फोरमन झालेला गृहस्थ. त्याच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवे अंग लुळे पडले होते, वाचाही गेली होती. त्यांची तरुणपणीची मोटरसायकल घरच्या गॅरेजमध्ये धूळ खात उभी होती. तिचा आवाज कानी पडला तर वडील बोलू लागतील, या वेड्या आशेवर शिष्याने आठ महिने जंग जंग पछाडले. प्लग बदलला, कॉइल बदलली, वायरिंग नवे घातले. गाडी ढिम्म.

"वस्ताद, माझी विद्या संपली," तो म्हणाला. "आणि डॉक्टर म्हणतात, आता फार दिवस नाहीत."

वृद्ध त्याच्या घरी आला. "किक मार बघू."

शिष्याने कार्बोरेटरवरचे, आत पेट्रोल भरायचे बटण दाबले. पेट्रोलचा पहिला थेंब दिसताच बटण सोडले, थेंब फडक्याने पुसला आणि किक मारली. वीस वेळा मारली. मग तो तिथेच फरशीवर बसला. आपण एवढेही करू शकलो नाही, याची त्याला लाज वाटत होती.

"मी जन्मभर ट्रक उघडले. ही जात मला कळत नाही," वृद्ध म्हणाला. त्याने पाना घेतला, कार्बोरेटर सोडवला, फडक्यात गुंडाळला आणि सरळ घरात निघाला. म्हातारपणी वस्तादांना भ्रम झाला की काय, अशी शंका शिष्याला आली.

वृद्धाने कार्बोरेटर वडिलांच्या डाव्या हातात ठेवला. "अण्णा, कशी सुरू करायचात ही?"

बोटे थोडा वेळ चाचपडली. मग अंगठ्याने बटण दाबले आणि सोडलेच नाही. बऱ्याच वेळाने वडिलांनी अंगठा उचलून बोटावर चोळला, ओला झाला का हे पाहावे तसा.

"मी गळती समजून पुसत होतो," शिष्य पुटपुटला.

"ते चालायचंच," वृद्ध म्हणाला. "पण आठ महिने तू गॅरेजमध्ये काढलेस. ह्यांची वाचा गेली, समज नाही गेली. ह्यांच्यासाठी तू सगळं केलंस, ह्यांना मात्र काही विचारलं नाहीस."

शिष्याला मान वर करवेना. आठ महिने गेले होते, ते परत येणार नव्हते.

कार्बोरेटर बसवून त्याने अंगठा ओला होईपर्यंत बटण दाबून धरले. गाडी दोनदा खोकली आणि बंद पडली. एरवी त्याने लगेच पुन्हा किक मारली असती. या वेळी तो आत जाऊन खाटेशी बसला.

"अण्णा, दोनदा खोकली, मग बंद पडली. आता काय करू?"

वडिलांची उजवी मूठ वळत नव्हती. त्यांनी डाव्या हाताने मुलाची मूठ धरली, आणि गाडीचा ॲक्सिलरेटर पिळावा तशी, अगदी हळू, अगदी थोडी पिळली.