तीन भिंतींपलीकडचा वर्ग

घराघरांत इंटरनेट नुकतंच आलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. एका दगडी घराच्या दिवाणखान्यात एक राउटर राहत होता. घरभर आपलंच राज्य आहे, असं त्याला वाटे.

मागच्या खोलीतून हेमांगीताई संगणकावरून, आपापल्या घरी बसलेल्या बारा कर्णबधिर मुलांना खुणांच्या भाषेत गणित शिकवत. पण मधे तीन जाड भिंती होत्या. ताईंचे हात पडद्यावर अर्ध्यातच थिजत आणि ताई काय म्हणताहेत, ते मुलांना कळेनासं होई. परीक्षा चार दिवसांवर आली. राउटरने सगळा जोर लावला, तापून लाल झाला, तरी चित्र हलेना.

राउटरच्याच खोक्यात गुंडाळून पडलेली केबल म्हणाली, "दादा, मी जाऊ का?"

"तू? अगं, मी चहूकडे पोचतो. तू जाऊन जाऊन एका खोलीत जाणार!"

"आपल्याला एकाच खोलीत तर जायचंय. भिंतींशी भांडायचं कशाला? मी कडेकडेने जाते. माझं एक टोक तेवढं तुम्ही धरा."

राउटरला ते पटलं. दुपारी ताईंनी केबल खोक्यातून काढली, तेव्हा त्याने ते टोक घट्ट धरलं.

संध्याकाळी वर्ग भरला. राउटरने हळूच विचारलं, "पोचतंय का गं?"

"पोचतंय! मुलं दोन्ही हात वर करून हलवतायत. ही त्यांची टाळी."

राउटर खुशीत लुकलुकला. तिथवर आपलं काम पोचलं होतं; आपण स्वतः गेलो नाही, याचं त्याला जराही वाईट वाटलं नाही.