राणीचा आवाज आणि दिनलिलीचे तीन गड्डे

बर्फाळ डोंगरांपल्याड एका राज्यात अरिमर्दन नावाचा राजा होता. शूर होता, न्यायी होता, पण वाट पाहणे त्याला ठाऊक नव्हते. एका हिवाळ्यात त्याने बर्फावर सत्ता चालवणाऱ्या हिमजोग्याला दरबारात बोलावून फर्मावले की, आठ दिवसांत बर्फ आवरावा. या उतावळेपणाने चिडून हिमजोग्याने राणी शर्वरीकडे नुसते पाहिले आणि तिचा आवाज गेला. मग त्याने राजापुढे दिनलिलीचे तीन गड्डे ठेवले. या झाडाचे फूल सकाळी उमलते आणि त्याच संध्याकाळी मिटते.

“यातला एक गड्डा जरी जमिनीत हिवाळा काढून फुलला, तरी राणी बोलेल,” असे सांगून तो धुके होऊन निघून गेला.

बर्फ वितळल्यावर राजमाळीण सोनाक्का हिने पहिला गड्डा लावला. थंडीत पाने पिवळी पडून गळतील, तरी गड्डा मरत नाही, नुसता झोपतो, असे तिने राजाला तीनदा बजावले. पाने पिवळी पडताच राजाने गड्डा उपटून आपल्या महालात शेगडीपाशी नेऊन ठेवला. महिन्याभरात तो वाळून गेला. सोनाक्काने कपाळावर हात मारून घेतला.

दुसऱ्या वर्षी राजाने न खणण्याची शपथ घेतली, आणि पाळलीही. पण जमीन अजून उबदार असतानाच त्याने गड्ड्यावर कमरेइतका पेंढा रचविला. त्या उबेत उंदरांनी संसार थाटला. वसंतात गड्ड्याची सालही सापडली नाही. राणीने राजाकडे एकवार पाहिले आणि पाठ फिरवून ती निघून गेली.

आता एकच गड्डा उरला. सोनाक्काने बागेची किल्ली मागून घेतली आणि दारावर बोलती साळुंकी बसविली. भुसभुशीत मातीत दोन बोटे खोल गड्डा लावला. जमीन गोठून कडक झाल्यावरच वर वीतभर सुका पाला पसरला. त्यावर बर्फ साचला.

राजा खराटा घेऊन बर्फ झाडायला आला. साळुंकी म्हणाली, “परत जा.” दुसऱ्या दिवशी तो कढत पाण्याची घागर घेऊन आला. साळुंकी म्हणाली, “परत जा.” तिसऱ्या दिवशी तो कुदळ घेऊन आला, गड्डा जिवंत आहे का, एवढेच त्याला बघायचे होते. तेव्हा सोनाक्का स्वतः दारात उभी राहिली.

“महाराज, तो बर्फ त्याचे पांघरूण आहे. आता कुदळ लागली, तर राणीसाहेब जन्मभर मुक्या राहतील.”

“मग मी करू तरी काय?”

“काहीच नाही.”

सतरा किल्ले जिंकलेल्या राजाला इतके अवघड काम कुणी सांगितले नव्हते. त्याने कुदळ खाली ठेवली. पुढे तो रोज येई, दाराबाहेरच्या दगडावर बसे, पुटपुटे, आणि काही न करता परत जाई.

बर्फ वितळला. सोनाक्काने पाला दूर केला, तेव्हा खाली हिरवे टोक होते. राजाने तोंडावर शेला धरला. बराच वेळ तो काढला नाही.

भर उन्हाळ्यात एका सकाळी केशरी फूल उमलले. राणीने त्याला बोट लावले आणि तिचा कंठ मोकळा झाला.

“महाराज,” ती म्हणाली, “किती छळलंत हो त्या गड्ड्यांना.”

मग तिने आवाज गेला त्या दिवसापासूनचे सगळे सांगायला सुरुवात केली. राजा समोर बसून ऐकत राहिला. संध्याकाळी फूल मिटले. त्याने धास्तावून राणीच्या ओठांकडे पाहिले. ती अजून दुसऱ्या हिवाळ्यापर्यंतच पोहोचली होती.