दुसऱ्या भरतीचं मीठ

एका खाडीकाठच्या गावात एक मिठागरवाला राहत होता. माणूस कष्टाळू, पण एकदा डोकं तापलं की बायकोचंही ऐकायचा नाही. त्याचे मिठाचे सहा वाफे होते. उन्हाळाभर पिकलेल्या मिठाच्या बदल्यात त्याच्या घरी वर्षाचं भात येई.

त्याच गावात एक खेकडे धरणारा होता. एका पहाटे मोठ्या खेकड्याच्या लोभानं त्यानं मिठागराच्या बांधातलं बीळ कोपरभर उकरलं. खेकडा मिळाला, गडी खुशीत घरी गेला. बीळ बुजवायचं मात्र राहिलं. सकाळच्या भरतीला तिथूनच बांध फुटला आणि दोन वाफ्यांतलं मीठ विरघळून गेलं.

गावाचा नियम कडक होता. बांध फोडणाऱ्यानं गेलेलं मीठ भरून द्यायचं, वर त्याला वर्षभर खाडीबंदी.

ओहोटी लागताच खेकडेवाला डोक्यावर चिखलाची पाटी घेऊन धापा टाकत आला. "दादा, चुकलो. माझ्याच हातून झालं. सरा, बुजवतो."

"खबरदार हात लावशील तर!" मिठागरवाला गरजला. "पुरावा बुजवायला आलास होय? उद्या पंच येतील, त्यांना बघू दे."

बायको म्हणाली, "अहो, संध्याकाळी पुन्हा भरती आहे. आपली सगळी मिठाची रास काठावर आहे."

"येऊ दे की! जेवढं जाईल तेवढं याच्याकडून घेईन."

खेकडेवाल्यानं पुष्कळ विनवलं. शेवटी पाटी तिथेच उंच बांधावर ठेवून तो निघून गेला. मिठागरवाला दिवसभर काठी घेऊन भगदाडाची राखण करत बसला. संध्याकाळची भरती आली ती उरलेले चारही वाफे आणि मिठाची रास घेऊन गेली. रास खचताना, भरून मिळणारच आहे, अशी त्यानं मनाची समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी पंच आले, खेकडेवालाही हजर झाला. त्यांनी भगदाड पाहिलं, सगळी हकिकत ऐकली. मग त्यांची नजर वाळलेल्या चिखलाच्या पाटीवर गेली.

"बुजवायला अशा किती पाट्या लागल्या असत्या?"

मिठागरवाला चाचरला. "पाच. फार तर सहा."

"मग ऐक. पहिल्या भरतीचं मीठ यानं घालवलं. दोन वाफ्यांचं मीठ हा तुला पिकवून देईल. दुसऱ्या भरतीचं मीठ तू घालवलंस. ते कोणाकडे मागणार?"

"आणि खाडीबंदी?"

"चूक कबूल करून ओहोटीतच जो चिखल घेऊन धावला, त्याला वर्षभर उपाशी मारू? बंदी पंधरा दिवसांची. तेवढे दिवस त्यानं तुझ्या बांधावर राबावं."

मिठागरवाल्यानं स्वतःच चिखल कालवला आणि पाटी उचलली. सहाव्या पाटीला भगदाड बुजलं. त्या वर्षी त्याच्या घरी दोनच वाफ्यांच्या मिठाचं भात आलं.

तात्पर्य एवढंच: दुसऱ्यानं केलेलं नुकसान भरून मागता येतं, पण हट्टानं वाढू दिलेलं आपल्यालाच सोसावं लागतं, आणि चुकलेला माणूस चूक निस्तरायला धावला, तर शिक्षा देताना तेही पाहावं.